ट्रक अंगणातच का ठेवलात?

शाळेच्या स्नेहसंमेलनात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, परवा तर पणजीच्या बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत एकानं गाठलं. "मुलांच्या गोष्टीत असले विषय कशाला हो घालता? झेपतात का त्यांना?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितोय.

'असले विषय' म्हणजे माझ्या एका गोष्टीतला ट्रक. 2012 साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या आणि 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. डिचोली, सत्तरी, सांगे भागात कितीतरी अंगणांत खनिजाचे ट्रक उभेच राहिले. माझ्या गोष्टीतल्या मुलीच्या घरचाही. हप्ते थकलेत, बाबा घरी आहेत, शेजारणीकडे साखर मागताना आईचा आवाज खाली येतो. एवढंच. तर एका पालकांनी पुस्तक परत पाठवलं. मुलगी रात्री विचारत बसली म्हणे, "आपली गाडीपण बँकेचीच आहे का?" प्रश्न रास्त आहे. कुणी सरळ उत्तर दिलं असतं, तर झोपली असती बिचारी.

आणि गंमत बघा, याच घरांत मुलांना वाढदिवसाला 'श्यामची आई' देतात. त्यात शेवटी आई जाते. 1935 पासून मुलं ते वाचताहेत, रडताहेत आणि रडून झालं की जेवायला बसताहेत.

डिचोलीजवळच्या एका शाळेत मी ती ट्रकची गोष्ट वाचून दाखवली. बाई जरा अवघडल्या होत्या, वर्गातल्या निम्म्या घरांचं पोट खाणीवरच होतं. पहिला हात वर झाला : "सर, ट्रक विकला का शेवटी?" मागून एकजण म्हणाला, "तुमचं चुकलंय. नुसती धूळ नसते. आमच्या ट्रकाच्या हौद्यात माती उरलेली. पावसात तिथं तायकिळा उगवला. आजीनं खुडून भाजी केली." वर्ग खदखदून हसला, तोही हसला. तो तायकिळा मला सात जन्मांत सुचला नसता.

सगळंच लिहितो असं नाही. वसुलीला आलेला माणूस दारात उभा राहून जे बोलतो, ते मी लिहीत नाही. तिथं मूल नुसतं ऐकत उभं राहतं. त्याच्या हाताला काहीतरी काम हवं, निदान ट्रकाखालची कोंबडी हाकलायचं तरी.

एक प्रसंग मात्र मी निव्वळ भ्यालो म्हणून कापला होता. रात्री बाबा बंद ट्रकाच्या केबिनमध्ये जाऊन बसतात आणि मुलगी खिडकीतून बघते.

शाळा सुटल्यावर तो तायकिळेवाला मागे रेंगाळला. दप्तराचा पट्टा चघळत म्हणाला, "सर, तुमच्या गोष्टीतले पपा रात्री ट्रकात जाऊन बसत नाहीत?"

"बसतात ना," मी म्हटलं. "लिहायला विसरलो."