चेतकचं ट्यूनिंग: स्क्रूला हात सगळ्यात शेवटी

आमच्याकडं १९८६ ची बजाज चेतक स्कूटर आहे, वडिलांची, पॉइंटवाली, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणारे जुन्या पद्धतीचे पॉइंट असलेली. चालू व्हायची पण चालायची कशी ते विचारू नका. थंड असताना पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू, आणि जरा गरम झाली की नाटकं चालू. सिग्नलला रेस सोडली तरी इंजिन खाली यायचंच नाही, घूंऽऽ करत वरच राहायचं आणि मग एकदम पडून बंद. चाळीसच्या पुढं मिसिंग, म्हणजे मधेमधे झटके. गल्लीतल्या गॅरेजवाल्याकडं नेली की तो उभ्याउभ्या स्लोचा स्क्रू (रेस सोडल्यावर इंजिन किती फिरावं ते ठरवणारा) फिरवून द्यायचा आणि घरी येईपर्यंत पुन्हा जैसे थे.

शेवटी साताऱ्यातलेच एक जुने मिस्त्री, आता गॅरेज बंद केलंय, फक्त ओळखीच्यांच्या स्कूटरला हात लावतात, त्यांच्या अंगणात नेऊन लावली. साताऱ्यात अशी माणसं सापडणारच म्हणा, महाराष्ट्र स्कूटर्सचा कारखाना इथलाच, प्रिया इथंच बनायची. मिस्त्रींनी गाडी चालवून पण बघितली नाही. एकच विचारलं, "रेस सोडल्यावर खाली यायला वेळ लावती का?" म्हटलं हो. "मग स्क्रूला हात लावू नका साहेब. ही कुठनंतरी हवा खातीय."

हे समजून घेण्यासारखं आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण कार्ब्युरेटरमधून थेट सिलेंडरमध्ये जात नाही, आधी खाली क्रँककेसमध्ये ओढलं जातं, पिस्टन खाली येताना तिथं दाबलं जातं आणि मग पोर्टातून वर. म्हणजे क्रँककेसला कुठंही फट असली, गॅस्केट गेलं असलं, क्रँकचं ऑइल सील कडक झालं असलं, की तिथून फुकटची हवा आत. मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि इंजिन गरम होऊन वरच अडकतं. कार्ब्युरेटर कितीही सेट करा, ती हवा काय स्क्रूचं ऐकत नाही.

प्लग काढला तर टोक पांढरट राखाडी. म्हणजे पातळच. तरी पहिल्यांदा कार्ब्युरेटरच खोलला, कारण ते सोपं. फ्लोटच्या वाटीत तळाला पाण्याचे दोन-तीन थेंब, पेट्रोलखाली वेगळे, बोटानं ढकलले की गोळी होऊन पळत होते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल २० टक्क्यांपर्यंत, ते ओल ओढून घेतं, आणि गाडी आठवडा आठवडा उभी राहिली की हे होतं. जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं असलेले पितळी तुकडे, पेट्रोलनं धुऊन हवा मारून साफ केले. तार घालायची नाही हं, कितीतरी जण तांब्याची तार घालतात, पितळेचं भोक एकदा मोठं झालं की जेट गेला. स्लोचा जेट निम्मा बुजलेला निघाला. स्कूटर आडवी करून मग किक मारायची आपली जी पिढीजात पद्धत आहे ना, मिस्त्री म्हणाले त्यातल्या निम्म्या गाड्यांचं दुखणं हेच असतं, स्लोचा जेट साफ केला की आडवी करायची गरज उरत नाही.

एवढं करून मिसिंग थोडं कमी झालं, पण रेस तशीच वर लटकलेली. मग उजवा डोम काढून मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकावरचं चाक, उतरवायचं ठरलं, क्रँकचं सील त्याच्या मागं असतं. त्याला पुलरच पाहिजे, हातोडी मारून काढणारे क्रँक वाकडा करतात. मॅग्नेट निघालं आणि उत्तर समोरच होतं. आतली प्लेट कोरडी असायला हवी, तिच्यावर खालच्या बाजूला काळा तेलकट थर. मिस्त्रींनी बोट फिरवून नाकाशी नेलं, मला पण वास घ्यायला लावला, पेट्रोल आणि टू-टी ऑइलचा. जिथून मिश्रण बाहेर येतंय तिथूनच हवा आत जातीय. सीलची कड नखानं दाबली तर प्लॅस्टिकसारखी कडक. पॉइंट पण खड्डे पडून काळे, म्हणजे कंडेन्सर पण संपलेला.

सील, पॉइंट, कंडेन्सर पुण्याला नाना पेठेत मिळाले. प्लेट काढायच्या आधी तिच्यावर आणि केसवर खूण करून ठेवलेली, परत बसवताना टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तिथंच यावं म्हणून. नवीन सीलच्या कडेला ऑइल लावून सरळ दाबून बसवलं. पॉइंटचा गॅप फीलर गेजनं ०.४ मिमी. इथं मिस्त्री फार खडूस, अंदाजपंचे चालत नाही, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पण पुढं सरकतं. प्लग नवीन, गॅप ०.६.

आता कुठं स्क्रूची पाळी. गाडी चांगली गरम करून आणली, थंड इंजिनावर केलेलं ट्यूनिंग सिग्नलला टिकत नाही. रेसच्या केबलला थोडा ढिलेपणा आहे ना ते बघितलं, हँडल डावी-उजवीकडं पूर्ण वळवलं तरी आवाज बदलायला नको. मग स्लो थोडा वर ठेवून मागचा मिक्श्चर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण आत, तिथून दीड फेरा बाहेर. मग इंचाइंचानं आतबाहेर करत जिथं इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं फिरतं ती जागा शोधायची, आणि तिथून पाव फेरा अजून बाहेर, म्हणजे मिश्रण किंचित घट्ट. मग स्लो खाली उतरवायचा. मेन जेट एक नंबर मोठा टाकला, कारण इथेनॉलमुळं जुन्या जेटवर मिश्रण पातळच पडतं.

आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल. मी लिटरला २० मिली टाकतो, मोजून, पाच लिटरला १०० मिली. "जरा जास्त टाक, इंजिनाला बरं" म्हणणारे पंपावर भेटतातच, पण ऑइल वाढलं की तेवढ्या मिश्रणात पेट्रोल कमी होतं, म्हणजे उलट अजून पातळ, शिवाय सायलेन्सर कार्बननं भरतो तो वेगळाच.

आता रेस सोडली की लगेच खाली येते आणि टकटकटक करत उभी राहते, बंद पडत नाही. सज्जनगडाच्या चढाला पण मिसिंग नाही. प्लग परत काढून बघितला, मस्त चॉकलेटी. गाडी चार दिवस उभी राहणार असली की कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवतो. क्लचकडचं सील मात्र जुनंच आहे, त्याला पूर्ण इंजिन उतरवून खोलावं लागतं. ते गेलं की गियर ऑइल इंजिनात ओढलं जातं, म्हणून तोपर्यंत गियर ऑइलची लेव्हल बघत राहायची, ती उगाच कमी व्हायला लागली आणि मागनं पांढरा धूर सुरू झाला की मग परत मिस्त्रींचं अंगण.