सातवी पिढी, आठवी पिढी

दिवाळी आटोपल्यावर इंदूरच्याच एका कंपनीतून बोलावणं आलं. त्यांच्या संगणकांचा वार्षिक देखभालीचा करार माझ्याकडे आहे. काम सांगितलं ते सोपं: भंगारात काढायच्या संगणकांची यादी करायची, डिस्क काढून फोडायच्या आणि कबाडीसमोर वजन करून द्यायचं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या मोफत सुरक्षा-अपडेट संपल्या, त्याचा हा परिणाम. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० हा सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा भाग. इथे मशीनं दोन खेपांत आलेली. २०१७ ची सातव्या पिढीची, २०१८ ची आठव्या. डबा तोच, रॅम तेवढीच, एसएसडी (चिपवाली डिस्क) दोन्हींत मीच बसवलेली. शेजारी ठेवली तर कुठलं राहणार आणि कुठलं जाणार, हे स्टिकर वाचल्याशिवाय मलाही सांगता येईना. जुन्या खेपेत टीपीएमसुद्धा होतं, बायॉसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन चालू केलं की झालं. पण प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, म्हणून बाद.

सवयीने मी प्रत्येकाचं बटण दाबून बघत होतो. तीनचार सोडली तर सगळी सुरू झाली.

हिशेब बघणारे काका (माझे कुणी नव्हेत, राजेंद्रनगरात सगळेच त्यांना काका म्हणतात) रजिस्टर घेऊन उभे होते. म्हणाले, "अरे, चालू कशाला करतोस? खात्यातून ती केव्हाच गेलीत." खरंच होतं ते. कंपनी कायद्याच्या तक्त्यात डेस्कटॉपचं आयुष्य ३ वर्षं धरलंय, प्राप्तिकरात घसारा ४० टक्के.

"काका, पैसे भरले तर अजून तीन वर्षं अपडेट मिळतात."

"किती?"

"पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर. पुढे दरवर्षी दुप्पट."

काकांनी नुसतं बघितलं. मग मी विंडोजऐवजी फुकटातल्या लिनक्सचं काढलं. "त्यावर हिशेबाचं टॅली चालेल का?" थेट नाही बसत. विषय तिथेच संपला.

साहेबांना तर वाटत होतं की नवी मशीनं वीज कमी खातात, म्हणजे पर्यावरणाचं भलंच झालं. बिल दिसतं, म्हणून विजेचा हिशेब सगळे मांडतात. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या २००४ च्या अभ्यासात एक डेस्कटॉप आणि त्याचा मॉनिटर बनवायला किमान २४० किलो खनिज इंधन, २२ किलो रसायनं आणि दीड टन पाणी लागतं असं निघालं होतं. तेव्हाचा मॉनिटर जाडजूड काचेचा, आज आकडे वेगळे येतील. पण हा खर्च मशीन इंदूरला पोचण्याआधीच होऊन गेलेला असतो, आणि ते जितकं लवकर फेकाल तितका महाग पडतो.

डिस्कचं काम मात्र जिवावर आलं. एसएसडी सॉफ्टवेअरने पक्की पुसता येते, पण वरून हुकूम होता की भोकाचा फोटो हवा. भोकही कुठेही पाडून चालत नाही, ड्रिल चिपमधूनच गेलं पाहिजे, नाहीतर डेटा शाबूत राहतो. धडधाकट डिस्कवर ड्रिल धरायचं आणि दुसऱ्या हाताने फोटो काढायचा.

दुपारी कबाडी आला. "भिया, चालू-बंद से अपने को मतलब नहीं. बोर्ड अलग तुलेगा, लोहा अलग." बोर्डावर सोन्याचा मुलामा असतो. सराफ्याच्या धुळीतून झारेकरी सोनं काढतात तसं तेही काढता येतं, तेजाब वापरून. माल जातो कुठे, विचारलं. "दिल्ली." म्हणजे बहुधा सीलमपूर, तिथला ई-कचरा फोडणारा भाग. काही बोर्ड मुरादाबादलाही जातात. तिथे ते जाळून उरलेली राख रामगंगेच्या काठावर टाकलेली आहे. तांब्यासाठी वायरी जाळल्या की वरच्या पीव्हीसी प्लास्टिकमधून विषारी डायॉक्सिन निघतं ते निराळंच.

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांत मोठा ग्राहक म्हणजे वर्षात किमान हजार उपकरणं वापरणारा. आमची कंपनी त्याच्या खूप आत, म्हणून मोठ्या ग्राहकाची बंधनं तिला नाहीत. नोंदणीकृत रिसायकलरकडूनही मी भाव आणला होता. तो कबाडीपेक्षा कमी, वर गाडीभाडं आपलं. काकांचं बोट कबाडीच्या आकड्यावरून हललं नाही. पुष्कळ घासाघीस केल्यावर डिस्क नसलेली डझनभर मशीनं एका अभ्यासिकेसाठी मिळाली. त्यांत दुसऱ्या जुन्या डिस्क घालून लिनक्स चढवलं. मुलांना टॅली लागत नाही.

बाकीचं टेम्पोत भरत असतानाच महापालिकेची कचरागाडी दारात आली. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिल्यांदा अव्वल आलं ते २०१७ मध्ये, ही मशीनं घेतली त्याच वर्षी. तेव्हापासून गाडीवाले कुणाचं ऐकत नाहीत. नव्या मशीनांची खोकी आणि थर्माकोल एकत्र कोंबलेलं बघून गाडीवाल्याने काकांना चांगलंच सुनावलं. काका मुकाट्याने खाली बसून थर्माकोल वेगळं करू लागले. मागून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्याला वाट हवी होती.