चिठ्ठीवर ‘प्लाक’ हा शब्द नव्हता

सकाळी दात घासताना डाव्या डोळ्यावर वरून खाली पडदा सरकला. चारेक मिनिटांत सगळं पूर्ववत. दुखलं काहीच नाही, त्यामुळे मी ते अंगावर काढलं असतं, पण बायकोने ऐकलं नाही. त्याच दिवशी न्यूरोलॉजिस्टनी गोळ्या सुरू केल्या आणि डॉप्लर (रक्ताचा प्रवाह बघणारी सोनोग्राफी) करून घेतला. मानेतल्या डाव्या कॅरोटिड धमनीत साधारण ६० टक्के अडथळा निघाला. इथवर सगळं झटपट झालं.

डॉक्टर म्हणाले, “७० च्या वर असता तर ऑपरेशनचा निर्णय सरळ होता. ५० ते ६९ मध्ये विचार करावा लागतो. हा प्लाक, म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेला चरबीचा थर, शांत आहे की आतून फुटलाय, ते एमआरआयवर बघू. आणि वेळ घालवू नका, ऑपरेशन करायचंच ठरलं तर लक्षणानंतर दोन आठवड्यांच्या आत सगळ्यात जास्त फायदा होतो.”

ते दोन आठवडे माझ्या डोक्यात घड्याळासारखे वाजत होते, आणि त्यातले सहा दिवस एका अपुऱ्या चिठ्ठीने आणि एमआरआयच्या खिडकीने खाल्ले.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘एमआर अँजिओ, मान’. तिसऱ्या दिवशी स्कॅन झाला, पाचव्या दिवशी रिपोर्ट आला: अडथळा ६० टक्के. म्हणजे डॉप्लरने सांगितलं तेच! अँजिओत रक्त जाण्याची वाट किती अरुंद झालीय ते दिसतं. धमनीच्या भिंतीत काय चाललंय, त्यासाठी एमआरआयचे वेगळे सिक्वेन्स, म्हणजे चित्र काढायच्या वेगळ्या पद्धती, लावावे लागतात. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी दिली. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “मानेचा एमआरआय झालाय की तुमचा.” मी समजावलं. त्या म्हणाल्या, डॉक्टरांकडून लिहून आणा. आणलं. मग म्हणाल्या, सिस्टीममध्ये असा स्कॅनच नाही, मानेचा म्हणून टाकते, नंबर दहा दिवसांनी. त्या खुर्चीत बसून मी बोटांवर दिवस मोजले आणि खरंच रडू आलं. तोवर पुन्हा पडदा पडला, किंवा हात-तोंड वाकडं झालं, तर कोण जबाबदार?

आठव्या दिवशी मी खिडकी सोडली आणि थेट रेडिओलॉजिस्टना भेटायला बसलो. दीड तासाने ते बाहेर आले, दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: ‘कॅरोटिड व्हेसल वॉल (धमनीची भिंत), प्लाकमध्ये रक्तस्राव आहे का?’ दुसऱ्या दिवशी सकाळचा नंबर मिळाला. म्हणून सांगतो, चिठ्ठी हातात पडली की तिथेच वाचा. त्यावर ‘भिंत’ किंवा ‘प्लाक’ असं काही नसेल तर उठू नका.

प्रत्यक्ष स्कॅनला पाऊण तास लागला. मानेवर कॉइल (चित्रासाठी सिग्नल पकडणारा पट्टा) बांधतात, गरज पडली तर बोलवायला हातात दाबायचा फुगा देतात. अवघड एकच गोष्ट: गिळायचं नाही. गिळलं की धमनी हलते आणि चित्र पुसट होतं. दोन आवाजांच्या मधे गिळायचं, हे टेक्निशियनने आधीच सांगितलं म्हणून जमलं. तुम्हाला नाही सांगितलं तर विचारा. काँट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध, त्याने चित्र उठून दिसतं) देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट आधीच जवळ ठेवा, नाहीतर तिथेही अडकाल. तसा रक्तस्राव बघायला काँट्रास्ट लागत नाही. प्लाकवरचं आवरण पातळ झालंय का, फाटलंय का, हे बघायला त्याची मदत होते. पेसमेकर किंवा अंगात कुठेही धातू असेल तर ते नंबर घेतानाच सांगा.

रेडिओलॉजिस्टनी मला पडद्यावर दाखवलं. मधे काळा ठिपका, ती रक्ताची वाट. भोवती करडी भिंत. आणि एका बाजूला पांढरीशुभ्र कोर, बीजेच्या चंद्रासारखी. प्लाकच्या आत रक्त झिरपलं होतं. साकळताना त्या रक्तात जो बदल होतो, त्यामुळे ते असं चमकतं. असा प्लाक पक्षाघाताचा धोका वाढवतो, अडथळा साठच टक्के असला तरी. हे पहिल्या रिपोर्टमध्ये कुठेच नव्हतं.

बाराव्या दिवशी ऑपरेशन झालं. सर्जननी धमनी उघडून प्लाक काढला, मी तिसऱ्या दिवशी घरी आलो. दोन्ही स्कॅनच्या सीडी मात्र मागून घ्या. सर्जननी ऑपरेशनआधी रिपोर्टचा कागद बाजूला ठेवून आधी दुसरी सीडीच लावली होती.