नेसायचं, घालायचं, पांघरायचं

आपल्या शाळेनं मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मराठीच्या बाईंनी फळ्यावर आखलेले चार रकाने, असं मी सांगते. पुढचं सगळं आयुष्य मी नाटकांचा कपडेपट सांभाळण्यात घालवलं. त्या कामाची पहिली शिकवणी मला आठवीच्या वर्गात मिळाली. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत लिहायला सांगितलं, तेव्हा याशिवाय दुसरा विषय मनात आलाच नाही.

इचलकरंजीच्या मुलांना कापडाचं कौतुक नसतं, कारण ते त्यांच्या जन्माआधीपासून घरात असतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला आणि गावाची दिशाच बदलली. आमच्या वर्गातल्या मुलांचे वडील कुणी माग दुरुस्त ठेवणारा जॉबर, कुणी घडीवाला, कुणी वहिफणीच्या, म्हणजे ताण्याचे उभे धागे ओवायच्या कामावर. माझी आई कांड्यांवर सूत भरायची. बीम, धोटा, ताणा, सूत तुटणं, सूत सांधणं हे शब्द आम्ही अक्षरांच्या आधी शिकलो. पण मागावरून उतरलेलं कापड माणसाच्या अंगावर गेलं की त्याचं काय होतं, हा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता.

तो बाईंनी विचारला. “घरी जा आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून कपड्यांची नावं आणा,” म्हणाल्या, “पण नुसती नावं नकोत. ते कापड अंगावर घेताना काय करतात, ते क्रियापद पाहिजे.” दुसऱ्या दिवशी फळ्यावर रकाने पडले: नेसायचं, घालायचं, पांघरायचं, बांधायचं. आणि आम्ही ओरडून शब्द सांगायला लागलो.

लुगडं, धोतर, सोवळं नेसायचं. सदरा, पैरण, कोपरी, बंडी, चोळी, विजार, झबलं घालायचं. घोंगडं, वाकळ, शाल पांघरायची. पटका बांधायचा, बाळाचं टोपडं बांधायचं, बाराबंदी अंगात घालून तिचे बंद बांधायचे. काही शब्द कुठल्याच रकान्यात मावेनात. बांगड्या ना घालायच्या ना बांधायच्या, त्या कासाराकडून भरायच्या. पदर घ्यायचा. काजळ ल्यायचं. बाईंनी फळ्याच्या कडेला त्यांच्यासाठी मोकळी जागा ठेवली होती, तीही भरली.

मग हळूहळू लक्षात आलं की हे रकाने कपड्यांचे नाहीतच, ते हातांचे आहेत. कापड बिनशिवलेलं आहे आणि ते कमरेभोवती गुंडाळून, खोचून, अंगावर घडवायचं आहे, तर ते नेसणं. शिंप्यानं आधीच आकार देऊन ठेवला आहे आणि आपण फक्त त्यात शिरायचं आहे, तर ते घालणं. वरून झाकून घ्यायचं, गाठ नाही की खोचणं नाही, तर पांघरणं. नेसणं हा बायकांचा शब्द असं वर्गातल्या काही मुलांना वाटत होतं. बाईंनी फळ्यावरच्या ‘धोतर’ या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. पुरुषानं धोतर नेसणं आणि बाईनं लुगडं नेसणं यात भाषेनं कधी फरक केलेला नाही. निऱ्या दोघांनाही घालाव्या लागतात, काष्टा दोघांनाही मागं खोचावा लागतो.

एका मुलानं विचारलं, “बाई, पटका बांधतात, मग पगडी का घालतात?” हा प्रश्न मला आजही फार सुंदर वाटतो. पटका म्हणजे लांब कापड, ते रोज नव्यानं डोक्याभोवती फिरवायचं, शेमला सोडायचा, तुरा काढायचा. पगडी पगडबंदानं एकदाच बांधून ठेवलेली असते, ती खुंटीवरून काढायची आणि डोक्यावर ठेवायची. बांधण्याचं काम दुसऱ्यानं करून ठेवलं, म्हणून आपल्या वाट्याला घालणं उरलं. बाईंनी हे सांगितलं आणि वर्ग गप्प झाला. क्रियापद वस्तूवर चालत नाही, कृतीवर चालतं, हे व्याकरण आम्हाला त्या प्रश्नातून कळलं.

माझ्या बाकावरची मैत्रीण घरी कानडी बोलायची. कर्नाटकची सीमा जवळ, त्यामुळं अशी बरीच मुलं होती आणि शाळेत ती आपली भाषा दप्तरात ठेवूनच बसायची. बाईंनी तिला उभं केलं आणि विचारलं, तुमच्याकडे साडीला काय म्हणतात? तिनं सांगितलं, सीरे. सीरे नेसण्याला ‘उडु’, अंगात घालायच्या कपड्याला ‘तोडु’, पांघरायला ‘होदि’. पोशाखाला कानडीत ‘उडुगे-तोडुगे’ असा जोडशब्दच आहे, म्हणजे नेसायचं आणि घालायचं. आमच्या रकान्यांशेजारी तिचे शब्द देवनागरीत लिहिले गेले आणि दोन्ही बाजू जुळल्या. साहजिक आहे. आमच्या आज्या जे इरकल नेसत ते बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं आणि चोळीचा खण त्याच जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. कापड सीमेपलीकडून येत होतं, तर ते अंगावर घेण्याची समजही दोन्हीकडे एकच असणार. त्या दिवसानंतर ती मैत्रीण वर्गात मोकळेपणानं बोलू लागली, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे.

बाई ग्रंथालयातून मोल्सवर्थचा जाडजूड मराठी-इंग्रजी कोश आणायच्या, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण. एक शब्द शोधायला उघडायचा आणि तास संपेपर्यंत मिटायचा नाही. नेसणं संस्कृत ‘निवसन’कडून आलं, पांघरूण ‘प्रावरणा’कडून. शिवलेल्या कपड्यांची आणि शिवणकामाची बरीच नावं मात्र बाहेरून आली. सदरा, विजार, पायजमा अरबी-फारसीतून, काज, फीत आणि इस्त्री पोर्तुगीजांकडून, शर्ट-पँट इंग्रजीतून. पाहुणे एवढे आले, पण मराठीला त्यांच्यासाठी नवं क्रियापद शोधावं लागलं नाही. शिवलेलं आहे ना, मग ‘घाला’. पुढं पंजाबी ड्रेस आला तेव्हाही बायकांनी तो घातला आणि ओढणी घेतली. पदराचं क्रियापद ओढणीला आपोआप मिळालं. टाय आला तो बांधला गेला. कुणी शिकवलं नाही, कुठल्या समितीनं ठरवलं नाही.

ज्ञानेश्वरीच्या दुसऱ्या अध्यायात जुनं वस्त्र टाकून नवं घेण्याचा जो दृष्टान्त आहे, तिथं नवं वस्त्र ‘वेढतात’. वस्त्रासाठी हे क्रियापद आता बोलण्यातून गेलं, पण साडीचा पहिला फेरा अजूनही वेढाच आहे.

शाळेच्या संमेलनात आमच्या वर्गाचा नाच होता तेव्हा नेसवायला गल्लीतल्या आजीबाई आल्या होत्या. त्यांचे हात मी डोळ्यांत साठवून घेतले. आधी कमरेभोवती वेढा देऊन घट्ट गाठ, इतकी घट्ट की श्वास अडावा. मग निऱ्या, मग मधलं कापड पायांतून मागं नेऊन काष्टा, मग ओचा, शेवटी पदर. क्रम चुकला की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. परकराचा, पिनेचा आधार नाही; नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटर कापड एका गाठीवर उभं. त्या म्हणाल्या, “पोरी, नेसलेलं लुगडं पळताना सुटता कामा नये. शेतात वाकायचं असतंय, माग चालवायचा असतोय.” जुन्या इरकलाच्या पदराचा ताणा वेगळा असतो आणि तो लुगड्याच्या अंगाच्या ताण्याला एकेक फास घालून जोडलेला असतो, हेही त्यांनीच बोटानं दाखवलं. लुगडं मधे विरलं की विरलेला भाग काढून चांगले तुकडे दंड घालून जोडायचे, तेही विरलं की वाकळ शिवायची. नेसायचं कापड असं शेवटी पांघरायचं होई.

मी कपडेपटात आले ती हे सगळं घेऊन. जुनी मंडळी बालगंधर्वांचं सांगत, की त्यांचं रंगमंचावरचं नेसणं पाहून घरंदाज बायका तसं नेसू लागल्या. उंची शालू, खऱ्या पैठण्या ते वापरत, पण सांगणारे शालूच्या किमतीवर फार रेंगाळत नसत. पदर कसा घेत, त्यावर बोलत. मलाही नाटकात तेच महत्त्वाचं वाटत आलं आहे. अंगरखा उत्तम शिवता येतो, पगडी विकत मिळते; नेसणं मात्र नटीच्या चालण्याबोलण्यात उतरावं लागतं. काष्टा नेसलेली बाई बसते वेगळी, जिना चढते वेगळी.

आता शिवलेली नऊवारी मिळते. निऱ्या, काष्टा, पदर सगळं शिवून तयार, आत पाय घालायचे आणि नाडी बांधायची. प्रयोगात दोन प्रवेशांच्या मधे तिचा उपयोग होतो, हे मी मान्य करते. तरुण मुली तिला ‘नऊवारी घातली’ म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. पगडीचं झालं तेच नऊवारीचं झालं. मला दुखतं ते पाच वार सुट्या साडीबद्दल ‘साडी घातली’ ऐकू येतं तेव्हा. तिथं ती मुलगी स्वतःच्या हातांनी निऱ्या घालते, खोचते, पदर काढते आणि एवढ्या कामाचं श्रेय तिच्या तोंडचं क्रियापद तिला देत नाही. मी तिथल्या तिथं थांबवते आणि सांगते, “बाळ, तू नेसली आहेस.” नावं संग्रहालयात काचेमागं टिकतील. क्रियापदांना माणसांचे हात लागतात.

उतरवण्याचे शब्द तर त्याहून वेगानं चालले आहेत. सदरा काढतात, फेटा सोडतात आणि लुगडं फेडतात. ऋण फेडतात, नवस फेडतात, तोच शब्द. एकेक वेढा उलगडत मोकळं व्हायचं, हा त्याचा गाभा. आमच्या तालमीत आज ‘फेडणे’ म्हटलं तर कर्जच समजतात.

तरी भाषेचा हात अजून चालता आहे. २०२० साली तोंडावर काहीतरी घेणं सगळ्यांना भाग पडलं, तेव्हा लोक रुमाल ‘बांधा’ म्हणत, मास्क ‘लावा’ म्हणत, काही जण ‘घाला’ म्हणत. रुमालाला गाठ होती, मास्कला कानाशी अडकवायचे बंद होते. ते ऐकताना मला फळा आठवायचा आणि बाईंना हे दाखवायला हवं होतं असं वाटायचं. त्या आता नाहीत.

शाळेच्या ग्रंथालयाला मी माझ्याकडची कपडेपटातली वही देणार आहे. अंगडं-टोपडं-कुंचीपासून चिलखतापर्यंतचे शब्द त्यात आहेत, शेजारी क्रियापद आणि ते कुठल्या गावच्या माणसानं सांगितलं ते. उरलेली पानं कोरी ठेवली आहेत. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचे शब्द त्यात लिहावेत. कोकणातल्या, विदर्भातल्या सासरचे असतील तर फारच चांगलं. कानडी, तेलुगू, मारवाडी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांनी आपल्या भाषेतले लिहावेत. नुसतं ‘पोलकं’ किंवा ‘धडुतं’ लिहू नका. आजीला विचारा, ती त्याचं काय करायची, आणि तेही लिहा.