आमची वाटचाल: रोजमेळ ते रोजची विक्री

नारायण पेठेतल्या एका खोलीत आम्ही दुकानदारांची किर्द-खतावणी लिहायला सुरुवात केली. संध्याकाळी गल्ला आणि रोजमेळ जुळला की काम झालं. पुढे दुकानांत बिलिंग मशिनं आली, प्रत्येक बिलावर सेकंदापर्यंत वेळ उमटू लागली आणि मालक विचारू लागले, "रोज किती बिलं होतात, ते काढून द्या की!"

एक्सेलमध्ये हे सोपं होतं. तिथे तारीख-वेळ म्हणजे एकच आकडा. पूर्णांक हा दिवस, अपूर्णांक ही वेळ, सकाळचे सहा म्हणजे ०.२५. अपूर्णांक उडवायचा आणि पिव्होट, म्हणजे तारखेवार गोषवारा काढणारा तक्ता, लावायचा. पण एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींच्या पुढे जागा नाही. शाखा वाढलेल्या गिऱ्हाइकांसाठी आम्ही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं पांडाज हे आकडेमोडीचं साधन शिकलो.

खरी परीक्षा झाली कोथरूडच्या एका डेअरीच्या कामात. बिलांच्या यादीत रोज २३:४० च्या सुमाराला दूध खपताना दिसत होतं. त्या वेळी तर दुकानाचं शटर बंद! बिलिंगवाल्यांचा सर्व्हर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नोंदवत होता. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे रविवारी पहाटे ५:१० चं दूध शनिवारच्या खात्यात. पहाटेच्या रांगेवर चालणाऱ्या धंद्यात हा फरक किरकोळ नव्हे. म्हणून आधी वेळ भारतीय वेळेत आणायची, मगच तारीख तोडायची. हा क्रम आम्ही कधीच बदलत नाही.

याच्या उलट गणपतीतली खाद्यपदार्थांची दुकानं. रात्री दीडला फाडलेलं बिल मालकाच्या लेखी आदल्याच दिवसाचं, कारण गल्ला मोजायचा असतो त्यानंतर. तिथे प्रत्येक वेळेतून चार तास वजा करून दिवस धरतो. मालकाचा दिवस कुठे संपतो हे मालकालाच विचारावं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. पांडाजमध्ये ग्रुपबाय या गट पाडणाऱ्या आज्ञेने तारखेवार मोजलं तर ज्या दिवशी एकही बिल नाही तो दिवस यादीतूनच गायब होतो आणि रोजची सरासरी फुगते. रिसॅम्पल ही आज्ञा मधला प्रत्येक दिवस धरते आणि तिथे शून्य दाखवते. मात्र साप्ताहिक सुट्टीचं शून्य वेगळं आणि दुकान उघडं असून बोहनी न झाल्याचं वेगळं, म्हणून सुट्ट्यांचा रकाना आम्ही स्वतंत्र ठेवतो. रद्द बिलंही मोजणीआधीच बाजूला काढतो.

आता नवीन काम घेताना आमची मुलं आधी दुकानात जाऊन बसतात, शटर उघडण्यापासून गल्ला मोजून होईपर्यंत. संगणक त्यानंतर.