शुंदेतला चहा, जेवण आणि ग्वानशी

कँटन फेअरबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे फारसं नाही. चीनमधल्या ग्वांगझौला 1957 पासून भरणारं हे व्यापारी प्रदर्शन अवाढव्य आहे, पाय दुखतात, पिशवी कॅटलॉगने भरते, आणि तिथली गर्दी मला सोसवत नाही. मला लिहायचंय ते जवळच्या शुंदेबद्दल. फोशान शहराचा हा भाग फर्निचर आणि घरगुती उपकरणांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध. 2014 पासून युनेस्कोच्या पाककला-शहरांच्या यादीतही आहे. इथे सौदा जेवणाच्या टेबलावर पुढे सरकतो.

कारखान्यात पोचलात की मालक, म्हणजे ‘लाओबान’, आपल्या खोलीतल्या चहाच्या टेबलाशी बसवतो. चहाचं पहिलं पाणी ओतून टाकतात, मग चहा घोटभर मावेल अशा पेल्यांत येतो, आणि पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. कुणी ओतत असताना दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक केली की आभार पोचले. दराचा विषय पहिल्याच पेल्याला काढू नये. समोरचा अजून तुम्हाला जोखत असतो: कुणाच्या ओळखीने आलात, माल कुठे विकता, पुन्हा येणार का.

ओळख करून देणारा इथे फार मोलाचा. तो वीचॅटवर, म्हणजे तिथल्या व्हॉट्सअ‍ॅपवर, तिघांचा ग्रुप करतो, दोघांबद्दल चार शब्द लिहितो, आणि तिथून पुढे स्वतःची पत पणाला लावतो. तुम्ही पैसे थकवलेत तर बोल त्याला लागतो. आपले काही व्यापारी ओळख झाली की त्याला बाजूला सारून थेट भाव पाडायला बसतात, याची मला मनापासून चीड येते. पुढच्या वेळी त्यांच्यासाठी कुणी शब्द टाकत नाही.

जेवणाला खोली वेगळी, टेबल गोल. दाराकडे तोंड करून यजमान, त्याच्या उजवीकडे मुख्य पाहुणा. कुणी बसवेपर्यंत उभं राहावं. अख्खा मासा आला की त्याचं डोकं मुख्य पाहुण्याकडे फिरवतात, आणि तो सुरुवात करेपर्यंत बाकीचे थांबतात. मानाच्या माणसाच्या पेल्याला पेला भिडवताना आपल्या पेल्याची कड खाली ठेवायची. दारूचा आग्रह ग्वांगदोंगमध्ये, म्हणजे शुंदेच्या प्रांतात, उत्तरेच्या मानाने कमी. उत्तरेकडच्या शानदोंगला मात्र 50 टक्के अल्कोहोलच्या आसपासची बायजिउ, म्हणजे धान्याची कडक दारू, टाळणं अवघड. पीत नसाल तर पहिल्या घोटाआधी प्रकृतीचं कारण सांगून चहा उचलावा. अर्ध्यात थांबलं की टाळाटाळ वाटते.

शाकाहारी माणसाने दोन दिवस आधी मध्यस्थाला कळवावं, आणि नुसतं ‘मांस नको’ म्हणू नये. डुकराची चरबी, ऑयस्टर सॉस, कोंबडीचं पाणी, अंडं, सगळं नाव घेऊन लिहावं. ऐनवेळी सांगितलं तर ठरलेला बेत सगळ्यांदेखत कोलमडतो आणि यजमानाची मान खाली जाते. बिल बोलावणारा देतो, अर्धंअर्धं करू नये. परतीचं जेवण मात्र तुमच्याकडे लागू राहतं.

एवढ्या जिव्हाळ्यानंतरही तपासणी सोडू नये. रूढ पद्धत 30 टक्के आगाऊ, 70 टक्के माल निघण्याआधी. ते 70 टक्के तपासणीचा अहवाल हातात आल्यावरच द्यावेत. रक्कम कंपनीच्या खात्यात जावी. खातं बदलल्याचा ईमेल आला तर लाओबानला व्हिडिओ कॉल करून खात्री करावी.

ग्वानशी, म्हणजे अशी जपलेली ओळख आणि नाती, कामाला येते ती चिनी नववर्षाआधी. कामगार गावी निघतात, ऑर्डरी तुंबतात, सुट्टीनंतर सगळे परततातच असं नाही. अशा वेळी ओळखीच्या गिऱ्हाइकाचा कंटेनर आधी भरला जातो. मात्र ही नाती कंपनीशी नसतात, माणसाशी असतात. तुमची सेल्स मॅनेजर दुसऱ्या कारखान्यात गेली की तिची गिऱ्हाइकंही पुष्कळदा तिच्यामागे जातात, आणि जुन्या कारखान्यात तुमची फाइल नवख्या माणसासमोर पडते. म्हणून चिनी शरदोत्सवाला मूनकेक, म्हणजे त्या सणाची गोल मिठाई, पाठवाल तेव्हा एक खोका तिला आणि एक लाओबानच्या घरी पाठवा.