मॅग्नेटिक प्लग

चीता हेलिकॉप्टरच्या मेन गिअरबॉक्सला चुंबक बसवलेलं एक बूच असतं. आम्ही त्याला मॅग्नेटिक प्लग म्हणतो. आत दातावर दात घासला की लोखंडाची पूड तेलात उतरते आणि फिरत फिरत या चुंबकाला चिकटते. ठरावीक तासांनी प्लग काढायचा, बघायचा, पुसायचा, परत बसवायचा. लोकांना वाटतं, मेकॅनिक म्हणजे पाना घेऊन काहीतरी उघडणारा. माझी निम्मी नोकरी काळी पूड बोटांत चोळून बघण्यात गेली.

मऊ लागली, ग्रीससारखी पसरली, तर ती झीज, ती असायचीच. बोटाला टोचली, उजेडात चमकली, तर तो तुकडा. पूड चालते, तुकडा चालत नाही. पुस्तकात मापं दिलेली आहेत, पण मापाच्या अगदी रेषेवर पडलेल्या कणाचं काय करायचं ते मेकॅनिकलाच ठरवावं लागतं.

सियाचीनच्या बेस कॅम्पवरची जानेवारीची सकाळ. तिथे उडायचं ते पहाटे. दुपारकडे वारा उठतो, ढग खाली येतात आणि ग्लेशियर मिटून जातं. त्या दिवशी दोन मशीन तयार, तिसरं शेडमध्ये पाती उतरवून बसलेलं. वर जायचं ते जोडीनेच, एकाला काही झालं तर दुसऱ्याला जागा माहीत असावी म्हणून. त्यातल्या एका मशीनचा प्लग नेमका त्याच सकाळी निघायचा होता. काही तासांची मुदतवाढ मागता आली असती. मी मागितली नाही, मागायची सवयही नव्हती.

त्या थंडीत प्लग काढणं हे एक स्वतंत्र काम आहे. जाड हातमोज्यांनी लॉकिंग वायर धरता येत नाही, उघडं बोट धातूला लावलं की कातडी चिकटते. पातळ मोजे घालून दोन मिनिटं काम करायचं, दोन मिनिटं हात काखेत. वायर कापली, प्लग काढला, पांढऱ्या कागदावर पुसला आणि भिंगाखाली धरला. काळी पूड, आणि तिच्यात एक चमक. तांदळाच्या कणीच्या चौथाईएवढी. चोळून पाहिली. टोचली, असं मला वाटलं. माझ्या हाताखालच्या नाईकाने चोळली. तो म्हणाला, "उस्ताद, फझ है." फझ म्हणजे नुसती पूड.

तेवढ्यात वायरलेसवर खबर आली. १९,००० फुटांवरच्या पोस्टवर एका जवानाला हेप झालं होतं. उंचीमुळे फुप्फुसांत पाणी भरतं, त्याला हेप म्हणतात. ऑक्सिजन देतात, हवा भरलेल्या पिशवीत झोपवतात, पण खरा उपाय एकच, माणूस खाली आणायचा.

मेजर साहेब शेडमध्ये आले ते हेल्मेट हातात घेऊनच.

"कितना टाइम?"

"सर, तेल बदलना पड़ेगा. फिर आधा घंटा ग्राउंड रन. फिर प्लग वापस देखूँगा."

"और साफ निकला तो?"

"तो साइन करूँगा."

त्यांनी कागद हातात घेतला, भिंगातून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कागद परत दिला. दबाव टाकला असता तर मी चिडून तरी मोकळा झालो असतो. आमच्या वैमानिकांची हीच अडचण. चांगला वैमानिक मेकॅनिकच्या सहीला हात लावत नाही, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कोणी उरत नाही. सेव्हन-हंड्रेडच्या, म्हणजे मशीनच्या नोंदवहीच्या, त्या रकान्यात माझंच नाव.

दुसरीकडून जोडीदार मशीन मिळतंय का तेही त्यांनी विचारलं. नव्हतं.

इथे थोडं मशीनबद्दल सांगतो, कारण वर्तमानपत्रं तिला उडती शवपेटी म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. चीता म्हणजे फ्रेंचांची लामा. टर्बाइन मूळ ८७० अश्वशक्तीचं, पण लामात ते ५५० वरच बांधून ठेवलंय. खाली हे कंजूषपणाचं वाटतं. वर हवा विरळ होते, इतर इंजिनं धापा टाकायला लागतात, तेव्हा हिची राखून ठेवलेली ताकद कामी येते. १९७२ मध्ये जाँ बुले या फ्रेंच वैमानिकाने लामा १२,४४२ मीटरपर्यंत नेली. तिथे इंजिन विझलं, पुन्हा पेटलं नाही, आणि तो नुसत्या फिरत्या पात्यांवर जमिनीपर्यंत उतरला. तरीही आमच्या सगळ्यात उंच पोस्टांवर कधी कधी एका फेरीत रॉकेलचा एकच जेरिकॅन जातो, आणि तिथे इंजिन बंद करत नाहीत, पुन्हा चालू होईल याचा भरवसा नसतो. मशीन जुनी आहे, बदलायला हवीच, त्यात वाद नाही. पण शवपेटी म्हणणाऱ्याने एकदा हिची गिअरबॉक्स बघावी. टर्बाइन मिनिटाला ३३,५०० फेरे घेतं, डोक्यावरची पाती साडेतीनशेच्या आसपास. मधला सगळा हिशेब गिअर करतात. आणि माणसांसकट सगळं मशीन लटकतं ते याच गिअरबॉक्सखाली.

तेलाचे डबे रात्रभर बुखारीच्या, म्हणजे शेगडीच्या, खोलीत ठेवलेले असतात, म्हणून निदान ते ओतता आलं. जुनं तेल कापडातून गाळलं. कापडावर काही नाही. नवीन तेल भरलं, प्लग बसवला, वायर पिळली. वायर पिळण्यात मी कधी घाई केलेली नाही, त्या दिवशीही नाही. अर्धा तास मशीन जमिनीवर चालवलं. प्लग पुन्हा काढला. स्वच्छ, आरशासारखा.

सही केली तेव्हा दहा चाळीस झाले होते. ढग साडेदहालाच उतरले होते.

मेजर साहेब तरीही दुपारी दोनपर्यंत कॉकपिटमध्ये बसून होते. फट पडली नाही. जवानाची रात्र पोस्टवरच, पिशवीत गेली. दर तासाला वायरलेसवर त्याच्या श्वासाची खबर येत होती आणि मी ती ऐकायला सिग्नलच्या तंबूत जात होतो. तिथला ऑपरेटर न विचारताच मान हलवायचा.

पुढे कधीतरी वाचलं की हेलिकॉप्टरने लढाईतून माणसं काढली ती पहिल्यांदा एप्रिल १९४४ मध्ये, ब्रह्मदेशात. कार्टर हार्मन नावाचा अमेरिकन वैमानिक, सिकॉर्स्कीचं वायआर-४बी. सुटका करायची चौघांची, मशीनमध्ये जागा एकाची. दोघांना काढल्यावर इंजिन तापलं आणि हार्मनला नदीच्या वाळूवर रात्र काढावी लागली. उरलेले दोघे दुसऱ्या दिवशी निघाले. जिथे जिथे ही गोष्ट वाचली तिथे हार्मनचं कौतुक आहे, ते योग्यच. मी मात्र प्रत्येक वेळी त्या दोघांच्या रात्रीपाशी अडकतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या उजेडात दोन्ही मशीन गेली. माझं मशीन पुढे होतं. तासाभराने परत आली, मागच्या बाजूला ब्लँकेटात गुंडाळलेला एक मुलगा. वीस-एकवीसचा असेल. जिवंत होता. ओठ जांभळे. एक हातमोजा त्याच्या हातात, दुसरा कुठे पडला होता कुणास ठाऊक. पाती फिरतच होती. स्ट्रेचरवाले वाकून धावले आणि त्याला घेऊन गेले.

तो कण मी चिकटपट्टीखाली दाबून तपासणीला पाठवला होता. काही आठवड्यांनी उत्तर आलं, एका ओळीत. सामान्य झीज. मशीन उडवण्यास योग्य. नाईक माझ्यासमोर काही बोलला नाही, हे त्याचं शहाणपण. माझ्या जागी दुसरा असता तर त्याने तो कण पूड समजून पुसला असता, आणि तो बरोबर ठरला असता. हे मला मान्य आहे. तरीही त्या कणाची टोच अजून बोटाला आठवते.

मुलाला खालच्या हॉस्पिटलात हलवायच्या आधी मेजर साहेब त्याला भेटून आले. संध्याकाळी शेडमध्ये चहा घेताना त्यांनी आपणहून सांगितलं.

"पूछ रहा था, कल मौसम खराब था क्या."

"आपने क्या कहा, सर?"

"हाँ कहा."

कप ठेवून ते निघून गेले. मी दुसऱ्या मशीनच्या प्लगची वायर कापायला घेतली.